परदेशी पालक आणि मुलांच्या नावची जमीन : एका प्रश्नाचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

परमुलखात संसार थाटलेल्या माणसाला तेथील सरकार घर भाड्याने घेऊ देते, कर भरू देते, मुलांची नावे तेथील शाळेच्या पटावर चढवू देते. परंतु राहत्या घराखालची जमीन स्वतःच्या नावे करून घेण्याची वेळ आली म्हणजे पुष्कळ देशांचा कायदा त्याला नोंदणीच्या कचेरीतून रिकाम्या हाताने परत पाठवितो. अशा माणसाचा विवाह जर त्या देशाच्या नागरिकाशी झालेला असेल, तर त्याच्या घरात एक व्यक्ती अशी असते की जिला ती जमीन घेण्यास कायद्याची आडकाठी नाही, जिच्याशी असलेले त्याचे नाते घटस्फोटाने तुटत नाही, आणि आपले जे काही असेल ते एक ना एक दिवस जिला द्यावयाचेच असते. ती व्यक्ती म्हणजे त्याचे स्वतःचे मूल. तेव्हा जमीन मुलाच्याच नावे का घेऊ नये, हा विचार अशा घरांतून वारंवार निघतो आणि वकिलांच्या कचेऱ्यांपर्यंत पोचतो.

या विचाराच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. कायदा असे करू देतो काय, हा पहिला. करू दिल्यास त्या मालमत्तेवर पालकाचा कोणता हक्क उरतो, हा दुसरा. आणि जे मूल अद्याप आपले नावही लिहू शकत नाही त्याला मालक करण्यात त्याचे हित कितपत साधते, हा तिसरा. वादविवादात हे तिन्ही प्रश्न एकमेकांत मिसळून टाकले जातात. ते शक्य तितके वेगळे करून मांडणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी थायलंडचे उदाहरण मध्यभागी घेतले आहे, कारण तेथे परदेशीयांवरील निर्बंध कडक असून पालकांच्या अधिकारांची कलमेही स्पष्ट लिहिलेली आहेत. त्यानंतर फिलिपिन्स व इंडोनेशिया यांचा संक्षेपाने विचार करून शेवटी महाराष्ट्र आणि गोवा येथील मराठी कुटुंबांपुढे हाच प्रश्न कोणत्या रूपाने येतो ते पाहू.

२. पार्श्वभूमी

थायलंडमध्ये परक्याला जमीन मिळण्याचा प्रश्न आजचा नाही. १८५५ मध्ये राजा मोंगकुट याच्या कारकीर्दीत सर जॉन बाउरिंग याने ब्रिटनच्या वतीने जो तह केला, त्यात ब्रिटिश प्रजाजनांना बँकॉकच्या तटापासून चार मैलांच्या आत दहा वर्षे वास्तव्य झाल्याखेरीज जमीन विकत घेता येणार नाही, मात्र त्यापलीकडे चोवीस तासांच्या प्रवासाच्या टापूत ती घेता येईल, अशी तरतूद होती. अन्य राष्ट्रांनीही पुढे अशाच सवलती मिळविल्या. १९५४ च्या भूमिसंहितेच्या ८६ व्या कलमाने हाच धागा पुढे चालवून असे ठरविले की, परदेशीयास जमीन मिळावयाची ती त्याच्या देशाशी झालेल्या तहाच्या आधारेच मिळेल. परंतु असे सर्व तह १९७० पर्यंत संपुष्टात आले, आणि दार उघडे ठेवून त्याचा जिनाच काढून घ्यावा तशी त्या कलमाची अवस्था झाली.

पुढे १९९९ मध्ये, आर्थिक संकटाच्या काळात, चार कोटी बाथ गुंतविणाऱ्या परदेशीयास मंत्र्यांच्या परवानगीने राहण्यापुरती एक राई, म्हणजे सोळाशे चौरस मीटर, जमीन घेता येईल अशी सोय झाली. २०२२ साली या अटी सैल करण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्य केला. पण देश विकला जात असल्याची ओरड झाल्यामुळे काही आठवड्यांतच तो मागे घेण्यात आला. सदनिकांच्या इमारतीत एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंत परदेशीयांची मालकी चालते, म्हणून शहरात राहणाऱ्याचे काम भागते; मळा, अंगण वा स्वतंत्र घर ज्याला हवे आहे त्याचे भागत नाही.

विवाहाने यात काय फरक पडतो? १९९९ पूर्वी परदेशीयाशी लग्न केलेल्या थाई स्त्रीलाच जमीन नोंदवून घेणे दुरापास्त होते. त्या वर्षी गृहखात्याने धोरण बदलले आणि अशा स्त्रीला जमीन घेण्यास मोकळीक दिली. अट एवढीच की, खरेदीचा पैसा पत्नीचा खासगी आहे, त्यात पतीचा काही संबंध नाही, असे उभयतांनी कचेरीत लिहून द्यावे. ज्याने आयुष्याची पुंजी त्या जमिनीत घातली तोच पती आपला तिच्यावर हक्क नाही असे स्वहस्ते लिहून देतो, आणि पुढे घटस्फोट झाल्यास तेच पत्र त्याच्यासमोर ठेवले जाते. मुलाच्या नावाचा विचार बहुधा या टप्प्यावर सुचतो. तो सुचण्यास दुसराही एक कायदा कारण झाला. वंशाने मिळणारे थाई नागरिकत्व पूर्वी मुख्यतः पित्याकडून येई. १९९२ च्या दुरुस्तीने ते मातेकडूनही, पिता परदेशी असला तरी, निर्विवादपणे मिळू लागले. म्हणजे जमिनीचा निर्बंध जुना असला तरी त्यातून मुलामार्फत वाट काढण्याची शक्यता गेल्या तीन-चार दशकांतच व्यापक झाली आहे.

३. व्यवहार कसा घडतो

थाई मालकीहक्काचा सर्वांत बळकट दस्तऐवज म्हणजे चानोत. त्याच्या दर्शनी भागावर गरुडाचे राजचिन्ह, जमिनीचा मोजणी केलेला नकाशा आणि मूळ मालकाचे नाव असते. पाठीमागे रकाने आखलेले असून विक्री, दान, गहाण, भाडेपट्टा, उपभोगाधिकार अशी प्रत्येक नोंद तारीखवार त्यात चढत जाते. जमीन मुलाच्या नावे होते तेव्हा या रकान्यात घेणार म्हणून मुलाचे नाव लिहिले जाते आणि सही पालक करतो. कचेरीतील अधिकाऱ्याला संहितेच्या ७४ व्या कलमाने चौकशीचा अधिकार आहे, आणि हा व्यवहार परदेशीयाच्या लाभासाठी चालला असल्याचा संशय आल्यास तो प्रकरण वर पाठवू शकतो. परदेशीयासाठी नावापुरता मालक होणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस हजार बाथपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगितले आहेत. तथापि परदेशी पालकाचे मूल थाई नागरिक असेल आणि कायद्याला बगल देण्याचा हेतू चौकशीत दिसून आला नाही, तर त्याच्या नावे खरेदी वा दान नोंदविण्यास मुळात बंदी नाही. औरस मुलाला दान दिल्यास नोंदणीचे शुल्क सरकारी मूल्यांकनाच्या अर्धा टक्का, तर एरवीच्या हस्तांतरास दोन टक्के. म्हणून आईने आधी घेऊन मग मुलाला बक्षीस देणे, हा मार्ग पुष्कळदा पत्करला जातो.

येथे एक गोष्ट परदेशी पित्याच्या ध्यानात सहसा उशिरा येते. विवाह नोंदविलेला नसेल तर थाई कायद्यान्वये मूल केवळ आईचे औरस ठरते. पुढे विवाह नोंदविल्यावाचून, पितृत्वाची नोंद झाल्यावाचून अथवा न्यायालयाचा निकाल मिळाल्यावाचून पित्याला पालकत्वाचा अधिकार नाही. देवळात वा गावच्या समारंभात झालेले लग्न यासाठी पुरत नाही. अशा पित्याने आपल्या पैशाने मुलाच्या नावे जमीन घेतली, तर तिच्या व्यवस्थेत त्याच्या शब्दाला कायद्याचे बळ काहीच नसते.

नोंद झाल्यावर मूल हे पूर्णार्थाने मालक होते. पालकाने त्या मालमत्तेची व्यवस्था सामान्य शहाण्या माणसाच्या काळजीने पाहावयाची असते. परंतु विक्री, अदलाबदल, गहाण, तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा, उपभोगाधिकार वा अन्य बोजा निर्माण करणे, या गोष्टी दिवाणी संहितेच्या १५७४ व्या कलमाप्रमाणे न्यायालयाच्या परवानगीवाचून करता येत नाहीत, आणि केल्या तरी मुलावर बंधनकारक होत नाहीत. वयाची वीस वर्षे पूर्ण होताच हे पहारे उठतात आणि मालक स्वतःच्या मुखत्यारीने वागू लागतो. इंग्लंड-अमेरिकेतील पालक ज्या न्यासाचा आश्रय घेण्यास सरावलेले असतात तो येथे उपलब्ध नाही. न्यास निर्माण केला तरी त्याचा काही परिणाम होणार नाही, असे १६८६ वे कलम स्पष्ट सांगते.

४. अनुकूल पक्षाचे म्हणणे

मुलाच्या नावे जमीन करावी असे म्हणणाऱ्यांचा पहिला युक्तिवाद असा की, संसारात मिळविलेली समाईक मालमत्ता घटस्फोटाच्या वेळी पतिपत्नींत निम्मी-निम्मी वाटली जाते आणि पत्नीची खासगी ठरविलेली मालमत्ता तिच्याकडे जाते. मुलाची मालमत्ता मात्र या वाटणीत येतच नाही. पत्नीचे सावकार त्या मालमत्तेवर जप्ती आणू शकत नाहीत आणि तिच्या माहेरचे लोक तिच्यावर दाब आणून ती विकावयास लावू शकत नाहीत. संसार मोडला तरी घर मुलाचेच राहते, आणि उभयतांचा कलह किमान त्या छपराच्या मालकीपुरता तरी मिटतो.

दुसरा युक्तिवाद वारशाचा आहे. पत्नी आधी निवर्तली तर परदेशी पती तिचा वारस होतो खरा. परंतु वारशाने आलेली जमीन त्याला प्रत्यक्षात ठेवता येत नाही, आणि फार तर वर्षभराच्या मुदतीत तिची विल्हेवाट लावावी लागते. घाईच्या विक्रीत भाव पडतो हे सांगावयास नको. जी वस्तू शेवटी मुलाकडेच जावयाची ती आरंभीच त्याच्याकडे गेली तर हा फेरा वाचतो.

तिसरा युक्तिवाद नैतिक स्वरूपाचा असून तो सहज बाजूला सारता येत नाही. न्यायालयाच्या परवानगीची अट ही अडचण नसून संरक्षण आहे, असे या पक्षाचे लोक म्हणतात. कारण ज्या दिवशी पालकाला व्यापारात खोट येईल, व्यसन लागेल किंवा नवा संसार खुणावू लागेल, त्या दिवशी मुलाच्या डोक्यावरचे छप्पर पालकाच्याच हातून सुरक्षित राहील. दान खरोखर दान असेल तर नावापुरत्या मालकीचा आक्षेप त्याला लागू पडत नाही, आणि कायद्यालाही तसे दान अमान्य नाही.

५. प्रतिकूल पक्षाचे म्हणणे

विरुद्ध बाजूचे लोक न्यायालयाच्या परवानगीचे हेच कुलूप उलट दिशेने दाखवितात. कुलूप चोराला अडविते तसे धन्यालाही अडविते. मुलाच्या आजारपणासाठी, शिक्षणासाठी किंवा कुटुंबाला दुसऱ्या प्रांतात हलावे लागल्यामुळे जमीन विकण्याची वेळ आली, तर बाल व कुटुंब न्यायालयात अर्ज करून ही विक्री मुलाच्याच हिताची आहे असे पटवून द्यावे लागते. आणि विकून आलेला पैसाही मुलाचाच असल्यामुळे त्याचे काय होणार याचा हिशेब द्यावा लागतो. जमीन तारण ठेवून कर्ज काढण्यासही हीच परवानगी लागत असल्याने गरजेच्या वेळी ती जमीन कुटुंबाच्या कामी येईलच असे नाही.

दुसरा आक्षेप विसाव्या वाढदिवसाचा. त्या दिवसापासून मुलगा वा मुलगी ती जमीन विकू शकते, गहाण टाकू शकते, आई-बापांना घर सोडण्यासही सांगू शकते. कृतघ्नतेच्या कारणाने दान परत घेण्याची तरतूद थाई संहितेत आहे, पण तिची कारणे मोजकी व गंभीर आहेत. मुलाने आपल्या मालमत्तेचा अविचाराने उपयोग केला, एवढ्यावरून दान रद्द होत नाही. शिवाय खरेदी मुळातच मुलाच्या नावे झाली असेल, तर जमिनीचे दान पालकाने केले होते असे तरी कसे म्हणावे, हा मुद्दा उरतोच.

तिसरा आक्षेप भावंडांचा. पहिल्या मुलाच्या नावे जमीन झाल्यावर दुसरे जन्मास आले तर त्याला वाटेकरी करून घेणे म्हणजे पहिल्याच्या मालकीचा भाग दुसऱ्यास देणे होय, आणि पालकाला तो अधिकार नाही. चौथा आक्षेप मृत्यूचा. तो बोलण्यास कठीण, पण टाळता येण्याजोगा नाही. मूल अविवाहित व निपुत्रिक वारले तर आई-बाप त्याचे वारस होतात, आणि परदेशी पालकाच्या वाट्याला आलेला हिस्सा पुन्हा त्याच विल्हेवाटीच्या नियमात सापडतो. पंधरा वर्षे पूर्ण झालेले मूल मृत्युपत्र करू शकते. तत्पूर्वी तोही उपाय नाही.

पाचवा आक्षेप मुलाच्या बाजूने घेतला जातो आणि तो कदाचित सर्वांत मार्मिक आहे. थाई कायद्यात अपत्याला आपल्या आई-बापांवर वा आजा-आजीवर स्वतः फिर्याद करता येत नाही. सरकारी वकिलामार्फत ती करावी लागते. तेव्हा मालक मूल आहे असे कागदावर म्हणावयाचे, भाडे पालकाने खावयाचे, आणि मालकाला विचारण्याची सोय अशी आडवळणाची ठेवावयाची, यात मालकीचा अर्थ किती उरतो, असे हे टीकाकार विचारतात.

६. मधले मार्ग

या दोन टोकांच्या मध्ये काही तडजोडी पुढे आल्या आहेत. सर्वांत प्रचलित तडजोड उपभोगाधिकाराची. हा अधिकार जमिनीच्या कचेरीत नोंदविता येतो, आणि तो तीस वर्षांपर्यंत किंवा धारकाच्या हयातीपर्यंत देता येतो. त्यायोगे परदेशी व्यक्तीला जमीन स्वतः वापरण्याचा व तिचे उत्पन्न घेण्याचा हक्क मिळतो, मालकी मात्र दुसऱ्याची राहते. पत्नीच्या जमिनीवर पतीने तो घेतला तर पतिपत्नींमधील करार म्हणून त्यात एक कच्चा दुवा राहतो, कारण असा करार विवाह टिकून असताना आणि तो संपल्यापासून एक वर्षाच्या आत दोघांपैकी कोणासही रद्द करता येतो. जमीन मुलाची असेल तर ही भीती नाही. परंतु मुलाच्या जमिनीवर हा बोजा चढविण्यास न्यायालयाची परवानगी हवी. म्हणून जाणकार असे सुचवितात की, जमीन आईच्या नावे असतानाच उपभोगाधिकार नोंदवावा आणि मग ती बोजासह मुलाला द्यावी. चानोताच्या पाठीवर दोन नोंदींचा क्रम उलटा झाला तर सगळा डाव फिसकटतो.

दुसरी तडजोड घर आणि जमीन वेगळी करण्याची. परदेशीयास जमिनीवरील इमारतीची मालकी घेता येते आणि ती इमारत दुसऱ्याच्या जमिनीवर ठेवण्याचा हक्कही नोंदविता येतो. त्यामुळे जमीन मुलाची आणि घर बापाचे, अशी विभागणी शक्य होते. तिसरा मार्ग म्हणजे हयातीत काही न करता आईने मृत्युपत्राने जमीन मुलाला देणे आणि त्याच मृत्युपत्रात, मूल सज्ञान होईपर्यंत मालमत्ता सांभाळणारा स्वतंत्र व्यवस्थापक नेमणे. न्यास नाकारणाऱ्या संहितेने एवढी एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. या मार्गात दोष असा की, मृत्युपत्र बदलता येते, आणि ज्या पतीला पत्नीचाच भरवसा वाटत नाही त्याला त्यापासून दिलासा मिळत नाही.

७. शेजारचे दोन देश

फिलिपिन्समध्ये हा निर्बंध थेट राज्यघटनेत आहे. १९८७ च्या घटनेच्या बाराव्या प्रकरणानुसार वारसाहक्काचा अपवाद वगळता खासगी जमीन परदेशीयास हस्तांतरित करता येत नाही. वारसा म्हणजे कायद्याने येणारा वारसा, मृत्युपत्राने दिलेला नव्हे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या घटनेतील अशाच तरतुदीबाबत १९८२ मध्ये ठरविले. थायलंडशी तुलना करता येथे एक फरक दिसतो. फिलिपिनो मूल वारले आणि परदेशी पालक कायदेशीर वारस ठरला, तर त्याला ती जमीन ठेवता येते. पत्नीच्या नावे घेतलेल्या जमिनीचा पैसा परत मागणाऱ्या परदेशी पतीला मात्र न्यायालयाने २००६ च्या निकालात नकार दिला. निर्बंध माहीत असून जो व्यवहार करतो त्याला न्यायबुद्धीची याचना करता येत नाही, अशी त्यामागील भूमिका होती. मुलांच्या मालमत्तेबद्दल तेथील कुटुंबसंहिता सांगते की, आई-बाप संयुक्तपणे व्यवस्था पाहतील. परंतु मालमत्तेचे मूल्य किंवा मुलाचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजार पेसोंच्या वर गेले तर निदान दहा टक्के रकमेचा जामीन द्यावा लागेल, आणि मालमत्तेचा विनियोग मूलतः मुलाच्याच पोषणासाठी व शिक्षणासाठी होईल.

इंडोनेशियात अडचण निराळी आहे. १९६० च्या मूलभूत भूमिकायद्याने पूर्ण मालकी फक्त नागरिकांना दिली, आणि इंडोनेशियाच्या नागरिकत्वाबरोबर परकीय नागरिकत्व बाळगणाऱ्यासही ती नाकारली. उलट २००६ च्या नागरिकत्व कायद्याने मिश्र विवाहातील मुलांना अठराव्या वर्षापर्यंत दुहेरी नागरिकत्व देऊन त्यापुढील तीन वर्षांत निवड करण्याची मुभा दिली. त्यामुळे बाली बेटावरील परदेशी पालकाचे मूल नागरिक तर आहे, पण नेमक्या बालपणाच्या वर्षांत ते भूमिकायद्याच्या शब्दांत बसत नाही. मिश्र विवाहातील पतिपत्नींना विवाहानंतरही मालमत्ता विभक्त ठेवण्याचा करार करू देणारा घटना-न्यायालयाचा निकाल २०१६ मध्ये आल्यावर जमीन इंडोनेशियन जोडीदाराच्या स्वतंत्र नावे ठेवणे सोपे झाले, आणि मुलाच्या नावाची निकड काहीशी कमी झाली.

८. महाराष्ट्र आणि गोवा

आपल्याकडे हा प्रश्न बहुधा उलट्या दिशेने येतो. परका माणूस येथे येऊन जमीन मागतो असे नव्हे, तर येथलाच माणूस अमेरिका, ब्रिटन वा ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेऊन कायद्याच्या दृष्टीने परदेशी होतो, आणि गावाकडच्या मालमत्तेत मुलांचे नाव लावू पाहतो. भारताच्या परकीय चलनविषयक कायद्याने अशा अनिवासी आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारक व्यक्तींना घर वा सदनिका विकत घेण्यास अथवा आप्तांकडून बक्षीस घेण्यास मोकळीक दिली आहे. शेतजमीन, मळे आणि फार्महाउस यांच्या बाबतीत मात्र खरेदी व बक्षीस दोन्ही वर्ज्य असून वारसा तेवढा चालतो. म्हणून परदेशी नागरिक असलेल्या नातवाच्या नावे पुण्यातील सदनिकेचे बक्षीसपत्र करावयाचे तर त्या नातवाकडे ओसीआय कार्ड हवे. पण सातारा जिल्ह्यातील शेतीचे बक्षीसपत्र त्याच्या नावे करता येत नाही, ती त्याला वारशानेच मिळू शकते.

अज्ञान मुलाच्या नावे शेतजमीन लागली म्हणजे सातबाऱ्यावर मुलाच्या नावाबरोबर ‘अ.पा.क.’ असा शेरा आणि त्यापुढे आईचे, बापाचे वा चुलत्याचे नाव येते. अज्ञान पालनकर्त्याची ही नोंद मूल सज्ञान झाल्यावर वयाचा पुरावा व अर्ज देऊन कमी करून घ्यावयाची असते. मालक परदेशात स्थायिक झालेला असला की ती वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि विक्रीच्या वेळी चाळिशीतला खातेदार कागदोपत्री अज्ञानच निघतो. हिंदू कुटुंबांना लागू असलेल्या १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे आठवे कलम थाई तरतुदीचे जवळचे नातलग शोभेल असे आहे. नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून मुलाची स्थावर मालमत्ता विकता, गहाण टाकता वा बक्षीस देता येत नाही, पाच वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा करता येत नाही. तसे केल्यास मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द ठरवून घेऊ शकते. पालक कोण, या प्रश्नावर गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने आईचे स्थान बापाच्या हयातीतही मान्य केले. बेनामी व्यवहारांच्या कायद्याने ज्ञात उत्पन्नातून अपत्याच्या नावे घेतलेल्या मालमत्तेला अपवाद केला आहे, पण आयकराचा कायदा अज्ञान मुलाला दिलेल्या घराचे उत्पन्न सामान्यतः देणाऱ्या पालकाच्याच हिशेबात धरतो.

गोव्यात आणखी एक पदर मिळतो. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेल्या वारसा-कायद्यात, जो आता २०१२ च्या गोवा अधिनियमात समाविष्ट झाला आहे, मालमत्तेचा निम्मा भाग सक्तीच्या वारसांसाठी राखलेला असतो. त्यामुळे एकाच मुलाच्या नावे सर्व काही करून टाकण्याला तेथे मुळातच मर्यादा आहे. शिवाय १९६१ पूर्वी जन्मलेल्या गोवेकरांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविता येत असल्याने, आई-बाप पोर्तुगीज झाल्यावर त्यांच्या अज्ञान मुलाचे भारतीयत्व टिकते की नाही, हा प्रश्न मालमत्तेच्या प्रश्नाला जोडून येतो. आई-बापांनी परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याने भारतीयत्व आपोआप संपलेले असेल, तर त्यागाच्या कलमाखाली मुलाला सज्ञान झाल्यावर ते परत मिळविण्याची जी सोय आहे ती लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. तो खटला सिंगापूरशी संबंधित कुटुंबाचा होता. परंतु त्याचे तत्त्व अनेक गोमंतकीय घरांना विचारात घ्यावे लागेल.

९. न सुटलेले मुद्दे

एवढ्या विवेचनानंतर काही गोष्टी निश्चित म्हणता येतात. नागरिक असलेल्या अज्ञान मुलाच्या नावे जमीन करणे हे थायलंड, फिलिपिन्स वा भारत यांपैकी कोठेही स्वतःहून बेकायदा नाही. नोंद झाल्यावर मालक मूलच असते. आणि पालकाच्या अधिकाराला न्यायालयाची वा जामिनाची कमीअधिक मर्यादा पडते. याविषयी दोन्ही पक्षांत खरा मतभेद नाही.

मतभेद आहे तो पुढील मुद्द्यांवर. खरे दान आणि नावापुरती मालकी यांची सीमारेषा कोणत्या पुराव्याने आखावी, हा पहिला. परदेशी पित्याचाच पैसा, त्याचाच वापर आणि त्याचाच हयातभराचा उपभोगाधिकार असेल, तर मुलाकडे आलेली मालकी कितपत भरीव आहे, असे अधिकारी विचारू शकतो. उलट आपण राहत्या घरातच राहून ते मुलाला देणारा पालक जगभर सर्वत्र आढळतो, असे उत्तर देता येते. दुसरा मुद्दा थाई संहितेच्या १५७४ व्या कलमातलाच. बोजासह दान स्वीकारण्यासही ते कलम न्यायालयाची परवानगी मागते. मग आधीच नोंदलेला उपभोगाधिकार हा त्या दानावरचा बोजा समजावा की जमिनीला पूर्वीपासून लागलेली मर्यादा समजावी, यावर मधल्या मार्गाची सगळी भिस्त आहे. तिसरा मुद्दा पोटगीचा. मुलाच्या नावे घर करून देणाऱ्या पित्याने त्याच्या पोषणाचा काही भाग आगाऊ फेडला असे धरावे काय? घर मुलाचे झाले म्हणून त्याच्या रोजच्या भाकरीची जबाबदारी हलकी होत नाही, असे एका बाजूचे म्हणणे. आणि छप्पर हाही पोषणाचाच भाग, असे दुसरीचे.

चौथा मुद्दा मुलाच्या मताचा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने आपल्याविषयीच्या निर्णयात मुलाचे म्हणणे त्याच्या वयाच्या मानाने ऐकून घ्यावे असे सांगितले आहे. मालमत्ता विकताना न्यायालय ते ऐकू शकते, पण मालमत्ता नावे करताना ते ऐकण्याची रीत कोठेच नाही, कारण देण्याने नुकसान होत नाही असे गृहीत धरलेले असते. ज्या जमिनीबरोबर कर, दुरुस्ती, आई-बापांचा अपुरा राहिलेला कलह आणि पुढे नागरिकत्वाची निवड ही सर्व ओझी येतात, तिच्या बाबतीत हे गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे.

या सर्व मुद्द्यांवर एकच कसोटी सर्वत्र लागू पडेल असे म्हणता येत नाही. तथापि निरनिराळ्या देशांतील तरतुदी शेजारी शेजारी ठेवल्या असता त्यांच्यात एक समान धोरण दिसते. कायदा परदेशी पालकाला मुलाला देण्यापासून सहसा अडवीत नाही, दिलेले स्वतःसाठी परत घेण्यापासून मात्र हटकून अडवितो. म्हणून जमीन मुलाच्या नावे करू पाहणाऱ्या पालकाने ती कोणापासून वाचवावयाची हे ठरविण्याआधी, आपण ती खरोखर देत आहोत की केवळ ठेवावयास जागा शोधत आहोत, एवढे स्वतःशी ठरविले पाहिजे. पहिल्या प्रकारच्या पालकाला न्यायालयाच्या परवानगीचे, जामिनाचे वा विसाव्या वर्षाचे भय बाळगण्याचे कारण फारसे उरत नाही. दुसऱ्या प्रकारच्या पालकाला भाडेपट्टा, उपभोगाधिकार किंवा सदनिका यांपैकी एखादा मार्ग अधिक सोयीचा आहे, आणि त्यासाठी मुलाला मालक करण्याची गरज नाही.